ठरण्याआधीचं गाणं

अमेरिकेच्या दक्षिण भागात १९५०च्या दशकात ज्यांनी छोट्या रेकॉर्ड कंपन्या चालवल्या, त्यांना गाणं पडण्याची धास्ती फारशी नव्हती. पडलेल्या गाण्यात जायचं ते थोडकं: स्टुडिओतली एक रात्र आणि काही शे तबकड्यांचा खर्च. धास्ती होती ती गाणं चालण्याची. तबकड्या काढून देणारा कारखाना रोख पैसे मागे. शहरोशहरीचे वितरक मात्र माल उधारीवर उचलत, पैसे दोन-तीन महिन्यांनी देत, काही जण देतच नसत, आणि खपला नाही तो माल परत धाडत. गाणं जितकं जोरात चालेल तितक्या जास्त तबकड्या काढाव्या लागत, आणि तितकी येणी तुंबत जात. जिचं नाव रेडिओवर दिवसरात्र गाजतंय त्याच कंपनीच्या गल्ल्यात पगारापुरतेही पैसे नाहीत, ही अवस्था या धंद्यात नवलाची नव्हती.

मेम्फिसच्या सॅम फिलिप्सने नोव्हेंबर १९५५मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचा करार आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीला ३५,००० डॉलरना विकला, तो याच कोंडीत सापडून. आज या सौद्याला वेडेपणा म्हणणं सोपं आहे. पण फिलिप्सची ‘सन’ ही कंपनी तेव्हा कर्जात होती. दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनच्या एका प्रतिस्पर्ध्याने ‘हाउंड डॉग’ गाण्याची चाल उचलल्याबद्दल त्याला कोर्टात हरवलं होतं, आणि एल्व्हिसची मागणी टेक्सासपासून फ्लॉरिडापर्यंत पसरत चालली होती. त्या मागणीला पुरे पडणं त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. मिळालेल्या पैशांतून त्याने कार्ल पर्किन्सचं ‘ब्लू स्वेड शूज’ बाजारात आणलं, आणि १९५६च्या वसंतात ते पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज अशा तिन्ही याद्यांत वर चढलं.

हा व्यवहार मी आधी सांगितला, कारण या संगीताचं मर्म मला त्यातच दिसतं. गाणं चाललं की ते छोट्या कंपनीच्या हातून निसटत असे. त्यामुळे त्या कंपन्यांच्या तबकड्यांवर जे उरलं आहे ते बहुतांशी चालण्याआधीचं आहे: ज्यांना आपण काय वाजवतोय हे अजून ठरवता आलेलं नाही अशा माणसांचं गाणं. बड्या कंपनीच्या रेकॉर्डवर पहिल्या सुरापासून कळतं की हे कोणासाठी आहे आणि दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायचं आहे. रॉकबिलीच्या, म्हणजे कंट्री आणि ब्लूजच्या सरमिसळीतून निघालेल्या या संगीताच्या, चांगल्या रेकॉर्डवर ते कळत नाही, कारण वाजवणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. मला ही अवस्था कलेतली सर्वांत मौल्यवान अवस्था वाटते. ती टिकत नाही, आणि मुद्दाम आणू म्हटलं तर येत नाही.

५ जुलै १९५४ची रात्र हा तिचा ठळक पुरावा. एल्व्हिस १९ वर्षांचा, ट्रक चालवणारा. सोबत गिटारवर स्कॉटी मूर, उभ्या बासवर बिल ब्लॅक. ड्रम नाहीत. संध्याकाळभर तिघांनी संथ, हळवी गाणी घोळवली. एकही जमलं नाही. मधल्या विश्रांतीत एल्व्हिसने सहज म्हणून आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ हे जुनं ब्लूज गाणं उड्या मारत म्हणायला घेतलं. ब्लॅकने बास उचलला, मूरने सूर धरला. यंत्रांच्या खोलीतून फिलिप्सने डोकं बाहेर काढून विचारलं की हे काय चाललंय. मूरच्या आठवणीप्रमाणे तिघांचं उत्तर होतं की आम्हालाच माहीत नाही. मग कुठून तरी सुरुवात धरा आणि पुन्हा वाजवा, असं फिलिप्सने सांगितलं. फिलिप्सचं मोठेपण मला त्या एका सूचनेत दिसतं. त्याने त्यांना काय वाजवायचं ते सांगितलं नाही, आणि थांबवलंही नाही.

दुसऱ्या बाजूला त्यांनी बिल मन्रोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ घेतलं. मूळ गाणं तीन मात्रांच्या झोक्यावरचं, आपल्या दादऱ्याच्या अंगाचं. त्यांनी ते चारांत बसवलं, जणू केरव्यात, आणि लय दामटली. म्हणजे एका बाजूला कृष्णवर्णीयांचं ब्लूज, दुसऱ्या बाजूला गोऱ्या डोंगराळ मुलखाचं ब्लूग्रास, आणि दोन्ही आपल्या जागेवरून सरकलेली. काही दिवसांत ड्युई फिलिप्स नावाच्या निवेदकाने (सॅमशी त्याचं नातं नव्हतं) डब्ल्यूएचबीक्यू केंद्रावरून ही रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली. एल्व्हिसला बोलावून घेऊन त्याने शाळेचं नाव विचारलं. ह्यूम्स हायस्कूल हे नाव ऐकताच मेम्फिसच्या श्रोत्यांना समजलं की गाणारा मुलगा गोरा आहे. ज्या शहरात शाळा, बस आणि पाण्याचे नळसुद्धा वर्णावरून वेगळे होते, तिथे रेडिओवरचा आवाज तेवढा कोणत्याही रांगेत उभा करता येत नव्हता. तो कुठला हे विचारून घ्यावं लागलं.

आता ती खोली. ७०६, युनियन अव्हेन्यू. फिलिप्सने जानेवारी १९५०मध्ये इथे मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस सुरू केली, तेव्हा त्याची स्वतःची रेकॉर्ड कंपनीही नव्हती. लग्नं, अंत्यविधी, भाषणं, जे येईल ते मुद्रित करून द्यायचं. सुमारे १८ फूट बाय ३० फूट जागा, भिंतींना आवाज शोषणाऱ्या चौकोनी फरशा, छताला उतार देऊन केलेल्या घड्या, म्हणजे आवाज एका जागी घुमत राहू नये. त्या खोलीतली सर्वांत प्रसिद्ध करामत म्हणजे तिथला प्रतिध्वनी. टेपच्या यंत्रात आवाज नोंदवणारं डोकं आणि ऐकवणारं डोकं यांच्यात थोडं अंतर असतं. फिलिप्सने दुसरं यंत्र जोडून तोच आवाज त्यातून फिरवला आणि मूळ आवाजात परत मिसळला. टेपला ते अंतर कापायला लागतो तेवढाच उशीर, साधारण सेकंदाचा सातवा भाग, आणि लगेच प्रत्येक शब्दाच्या, प्रत्येक टणत्काराच्या पाठीला दुसरा चिकटतो. तीन माणसांचा ताफा पाच जणांचा वाटू लागतो.

त्याच्या जोडीला बिल ब्लॅकचा बास. तार छेडायची नाही, खेचून सोडायची, म्हणजे ती पट्टीवर आपटते. मधल्या मोकळ्या जागेत तळव्याने थाप द्यायची. सूर आणि ठेका एकाच हातातून निघतात, आणि ड्रम नसल्याची उणीव जाणवत नाही. जॉनी कॅशकडेही ड्रमवाला नव्हता. ‘आय वॉक द लाइन’ मुद्रित करताना त्याने गिटारच्या तारांखालून कागद ओवला, आणि तारांचा नाद मरून त्या जागी खरखरीत ठेका आला. हे सगळं आज शैली म्हणून शिकवलं जातं. तेव्हा तो नसलेल्या गोष्टींवर काढलेला उपाय होता.

नड भागवताना आवाज सापडतो, याचं याहून जुनं उदाहरण याच खोलीतलं. मार्च १९५१मध्ये आइक टर्नरचा ताफा मिसिसिपीहून मेम्फिसला येत होता, तेव्हा वाटेत गिटारच्या अँप्लिफायरला इजा झाली. ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा फाटलेला. दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून आत कागद कोंबले. त्यातून गिटारचा आवाज फाटका, गुरगुरता, जवळजवळ सॅक्सोफोनसारखा येऊ लागला. दुसऱ्या कोणी तो लपवला असता; फिलिप्सने पुढे आणला. ‘रॉकेट ८८’ ही रेकॉर्ड शिकागोच्या चेस कंपनीने काढली, जॅकी ब्रेन्स्टनच्या नावावर, आणि ती त्या वर्षी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली आली. तिला पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणावं का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्या वादात रस वाटत नाही. पहिली कुठली हे ठरवायला आधी ती गोष्ट काय हे ठरलेलं लागतं, आणि १९५१ साली ते ठरलेलं नव्हतं.

अशा कंपन्या त्याच काळात एवढ्या का उगवल्या, याची कारणं संगीताबाहेरची आहेत, आणि त्यातलं एक थेट आपल्या मुलखापर्यंत येतं. ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि जगाला लाख पुरवत होता तो मुख्यतः हिंदुस्थान: छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात ती. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची वाहतूक अडली आणि १९४२ साली अमेरिकी सरकारने लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. हाती आहे तेवढी लाख बड्या कंपन्यांनी हमखास खपणाऱ्या गायकांसाठी राखली. ब्लूज आणि कंट्रीच्या याद्यांवर कात्री चालली. ऐकणारे होते, ज्यूकबॉक्स होते, रेकॉर्ड नव्हत्या. युद्धानंतर जर्मन तंत्रावरून घडवलेली टेपयंत्रं अमेरिकेत आली, ध्वनिमुद्रण स्वस्त झालं, आणि १९४९पासून ४५ आरपीएमची हलकी, सहसा न फुटणारी छोटी तबकडी मिळू लागली. आता दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड कंपनी उभी राहू शकत होती. फर्निचरवाले, रेडिओ दुरुस्त करणारे, ज्यूकबॉक्स भाड्याने देणारे या धंद्यात उतरले. संगीताची जाण असलेले त्यांत थोडे. आपल्या तालुक्यात काय वाजतंय याची माहिती मात्र त्यांना न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती.

आपल्याकडे ग्वाल्हेर, किराणा, आग्रा ही गावांची नावं घराण्यांना मिळाली, आणि पुढे गायकी गावाला सोडून देशभर गेली. या अमेरिकी गावांत मात्र आवाज शब्दशः जागेचा होता. न्यू ऑर्लिन्सला कोसिमो मटासाच्या स्टुडिओत शहरातल्या नावाजलेल्या वादकांचा एकच संच फॅट्स डॉमिनोला आणि लिटल रिचर्डलाही साथ करी. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस या आडगावी नॉर्मन पेटीने स्टुडिओ काढला आणि तासावर पैसे घेतले नाहीत. बडी हॉली आणि त्याच्या साथीदारांना म्हणूनच रात्र रात्र एकाच गाण्यावर घालवता आली. ‘एव्हरीडे’मध्ये जेरी अ‍ॅलिसनने ड्रम बाजूला ठेवून स्वतःच्या मांड्या थोपटल्या आहेत, आणि पेटीच्या पत्नीने सेलेस्टा या घंटीसारख्या आवाजाच्या वाद्यावर साथ केली आहे. घड्याळाकडे बघणाऱ्या स्टुडिओत हे कोणी करू दिलं नसतं. याच पेटीने हॉलीच्या गाण्यांवर सहलेखक म्हणून स्वतःचं नाव घातलं, हेही तितकंच खरं.

सिनसिनाटीच्या किंग कंपनीचा सिड नेथन हा मला या सगळ्यांत विलक्षण वाटतो. त्याच्याकडे स्टुडिओ, तबकड्या काढायचं यंत्र, लेबल छापायची सोय आणि माल पाठवायची व्यवस्था एकाच छपराखाली होती. गाण्यांचे हक्कही त्याचेच, त्यामुळे एकच गाणं तो दोनदा विकायला बघे: गोऱ्या कंट्री गायकाचं गाणं कृष्णवर्णीय गायकाकडून, आणि उलटही. हँक पेनीचं ‘ब्लडशॉट आइज’ वायनोनी हॅरिसने म्हटलं ते असंच. हेन्री ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय संगीतकार किंगमध्ये निर्मितीच्या जबाबदारीवर होता आणि गोऱ्या कंट्री गायकांची मुद्रणं त्याच्या देखरेखीखाली होत. ही १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. नेथनचा हेतू सामाजिक नव्हता, नफ्याचा होता. पण रॉकबिलीत पुढे जी सरमिसळ झाली तिची सवय त्या कारखान्यात आधी लागली होती.

या सरमिसळीचा हिशेब मात्र सरळ नाही. आर्थर क्रुडपच्या गाण्याने एल्व्हिसची कारकीर्द सुरू झाली. क्रुडप आयुष्यभर मानधनासाठी झगडला आणि १९७४ साली, हक्काचे पैसे पदरात न पडता, वारला. सन कंपनीला पहिलं मोठं यश मिळवून देणारा रुफस थॉमस कृष्णवर्णीय होता. एल्व्हिस सापडल्यावर फिलिप्सने आम्हा कृष्णवर्णीयांना बाजूला सारलं, असं तो पुढे स्पष्टपणे म्हणत राहिला, आणि सनची नंतरच्या वर्षांची यादी त्याच्या म्हणण्याला दुजोरा देते. फिलिप्सला हाउलिन वुल्फ या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचा आवाज कळला होता, भावला होता. तरी बाजाराने गोरा चेहरा मागितला तेव्हा तो बाजाराच्या मागे गेला. कार्ल पर्किन्स हा टेनेसीतल्या बटाईदाराचा मुलगा. कापसाच्या शेतात तो कृष्णवर्णीय मजुरांच्या बरोबरीने राबला, आणि त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याकडून गिटार शिकला. पर्किन्सने हे ऋण कधी लपवलं नाही. पण ऋण मान्य करणं वेगळं आणि ज्याचं त्याला पोचणं वेगळं. या संगीतावर प्रेम करणाऱ्याला ही गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये.

छोटेपणाचा जाचही होता. फिलिप्सकडे एका वेळी एकच रेकॉर्ड पुढे रेटण्याइतकं बळ असे. १९५७ साली बिली ली रायलीचं ‘रेड हॉट’ उचल खात होतं, त्याच सुमारास जेरी ली लुईसचं ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ तयार झालं. पैसा आणि जोर लुईसच्या बाजूने लागला. रायली त्या स्टुडिओतला सर्वांत हरहुन्नरी माणूस होता. गिटार, हार्मोनिका, बास, जे हातात द्याल ते वाजवी. पण त्याच्या वाट्याला ती उंची आली नाही. अर्कान्सोच्या न्यूपोर्टचा सनी बर्जेस, मेम्फिसचा चार्ली फेदर्स यांच्याही बाबतीत तेच. फेदर्सची ‘टंग-टाइड जिल’ मीटिअर या त्याहून छोट्या कंपनीने १९५६ साली काढली. उचकी, अडखळ, मध्येच वर फेकलेला स्वर, यांतून तो गाणं असं काही पुढे ओढतो की अर्थ बाजूला पडून नुसता कंठ ऐकत राहावा. ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही.

पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळशाच्या मुलखातला हेसिल अ‍ॅडकिन्स हे काही न ठरवता गाण्याच्या या वृत्तीचं शेवटचं टोक. लहानपणी रेडिओवर हँक विल्यम्सची गाणी लागत आणि निवेदक नाव एकट्या विल्यम्सचं घेई. त्यावरून सगळी वाद्यं तोच वाजवतो असा आपला समज झाला, असं अ‍ॅडकिन्स सांगत असे. मग तोही गिटार हातात, ड्रम पायाशी आणि गाणं तोंडात असं एकट्याने सगळं वाजवायला शिकला, आणि घरच्या घरी मुद्रित करत राहिला. न्यूयॉर्कच्या नॉर्टन रेकॉर्ड्सने १९८०च्या दशकात त्याचं संकलन काढलं, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता.

मुंबईला हे वारं लागलं तेव्हा ते पुरतं ठरलेलं होतं. बिल हेली या रॉक अँड रोल गायकाच्या सिनेमातून आणि मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डांतून नाव, नाच, कपडे, सगळं बांधून आलं. १९५७च्या ‘आशा’ चित्रपटात सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ केलं ते त्या रूपावरून, आणि त्यातला खट्याळपणा त्यांचा स्वतःचा आहे. फेदर्सच्या उचक्या किंवा बर्जेसच्या ताफ्यातलं बेबंद ट्रम्पेट त्यांच्या कानांवर आलं असतं तर त्यांनी त्याचं काय केलं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

१९७०च्या दशकात युरोपातल्या संग्राहकांनी या विसरलेल्या तबकड्या धुंडाळायला सुरुवात केली. जर्मनीत १९७५ साली बेअर फॅमिली रेकॉर्ड्स निघाली आणि जुन्या मुद्रणांची साक्षेपी संकलनं होऊ लागली. त्यांचे उपकार मोठे आहेत. एक तक्रार तरीही करावीशी वाटते. दुर्मीळ म्हणजे थोर, असा एक समज त्यातून रुजला. खरं तर अशा संकलनांतली बरीचशी गाणी ही १९५६नंतर एल्व्हिसची नक्कल करणाऱ्या पोरांची आहेत. त्यांना काय करायचं ते पक्कं ठाऊक आहे, आणि तिथेच ती फसतात. शंभरांत पाच-सहा रेकॉर्डी अशा निघतात की अजूनही पुढची ओळ कुठे जाईल याचा अंदाज येत नाही. त्यांच्यासाठी बाकीच्या ऐकाव्यात.

रायलीला उशिरा का होईना दाद मिळाली. बॉब डिलन त्याचा जुना चाहता होता. १९९२ साली लिटल रॉकच्या आपल्या कार्यक्रमात त्याने रायलीला आधी गायला बोलावलं, आणि रायलीच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, २०१५ साली एक पुरस्कार घेताना, भर भाषणात त्याच्याबद्दल कितीतरी वेळ बोलला. पण ‘रेड हॉट’ रायलीचं नाही. ते बिली ‘द किड’ इमर्सन या फ्लॉरिडाच्या कृष्णवर्णीय गायकाचं, १९५५ साली सननेच काढलेलं. दोन्ही रेकॉर्डी एकापाठोपाठ लावून पाहाव्यात. इमर्सनच्या गाण्यात ताफा त्याच्या प्रत्येक फुशारकीला ओरडून उत्तर देतो, सॅक्सोफोन मागे रेलून चालतात, आणि तो स्वतः घाई न करता, मिस्कीलपणे गातो. रायलीकडे तीच सवाल-जवाबाची बांधणी आहे, पण सॅक्सोफोनच्या जागी रोलँड जेन्सची गिटार, ड्रम अंगावर येतात, आणि आवाज घशाच्या कडेला ताणलेला. रायलीच्या तबकडीवर गीतकार म्हणून इमर्सनचं नाव छापलेलं आहे. क्रुडपच्या गोष्टीनंतर एवढंही लक्षात राहतं. इमर्सन पुढे धर्मोपदेशक झाला आणि २०२३ साली, ९७व्या वर्षी वारला. मला विचाराल तर दोघांत इमर्सनची रेकॉर्ड सरस आहे.